नकाशावरील गाव आणि गावातील दुकान

(टाकवे बुद्रुक येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज येथे पोहोचण्यास मला पाऊण तास उशीर झाला, त्याबद्दल प्रथम आपली क्षमा मागतो. उशिराचे कारण मात्र आजच्या विषयाशी इतके निगडित आहे की ते सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या वाहनचालकाने मोबाईलच्या नकाशात नुसते ‘टाकवे’ एवढेच लिहिले. पुढचा शब्द लिहिण्याचा कंटाळा केला. कान्हे फाट्यावर वळायचे ते सोडून आम्ही कामशेत ओलांडले आणि कार्ल्याच्या अंगाला गेल्यावर जी पाटी दिसली ती टाकवे खुर्दची होती. दोष चालकाइतकाच माझाही आहे. आपली निमंत्रणपत्रिका माझ्या खिशात होती आणि तिच्यावर ‘बुद्रुक’ हा शब्द चांगला ठळक छापलेला होता.

मी शासकीय नोकर. मला उशीर झाला तरी आपण सौजन्याने थांबलात. परंतु भुकेला प्रवासी थांबत नाही. टायर फुटलेला ट्रकचालक थांबत नाही. तो जे सापडेल तेथे जातो, आणि आपल्याकडे येणारे गिऱ्हाईक वाटेतच दुसरीकडे वळले हे दुकानदाराला कधी कळतही नाही. पूर्वी दुकान कोठे घालावे याचा विचार करताना एस.टी.चा थांबा, आठवड्याचा बाजार आणि देवळाची वाट पाहिली जाई. आज या तिहींच्या जोडीला चौथी गोष्ट आली आहे, ती म्हणजे मोबाईलवरील नकाशा. टाकव्याच्या परिसरात कारखाने आहेत. त्यांच्याकडे परप्रांतांतून मालवाहू गाड्या येतात. पलीकडे ठोकरवाडी धरणाच्या बाजूस पावसाळ्यात पुण्या-मुंबईची मंडळी जातात. या लोकांना आपल्या आळीतील कोणीही ओळखत नाही, आणि तेही वाट विचारण्यासाठी गाडीची काच खाली करीत नाहीत. ते नकाशाला विचारतात.

एकाच नावाची दोन गावे ही अडचण काही नवी नाही. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ हे फारसीतून आलेले शब्द, एक थोरला व एक धाकटा, महसुली दप्तराने याच अडचणीसाठी पत्करले. टपाल खात्यालाही तिने बरेच छळले होते. सारख्या नावांची गावे, निरनिराळ्या लिप्यांतील पत्ते आणि वाचता न येणारे हस्ताक्षर यांवर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड अमलात आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी. शब्दांवर प्रेम करणाऱ्या माणसाने गावांची नावे अंकांत बसवावीत, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. पिनकोडाने पत्र टपाल कचेरीपर्यंत निर्वेध आणले. तेथून दारापर्यंत नेण्यास पोस्टमन होता आणि त्याला सारे गाव पाठ होते. नकाशाजवळ असा पोस्टमन नाही. आपण जेवढे सांगू तेवढेच तो जाणतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘गूगल मॅप्स’ ही सेवा फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू झाली. तिच्यावर दुकानदाराने स्वतः आपली नोंद करण्याची सोय आहे. २०१४ मध्ये तिला ‘गूगल माय बिझनेस’ असे नाव मिळाले व २०२१ पासून ती ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ या नावाने ओळखली जाते. या नोंदीस एक पैसाही पडत नाही. कोणी ‘जेवण’ किंवा ‘पंक्चर’ असा शोध घेतला म्हणजे कोणते दुकान वर दाखवावे हे तीन गोष्टींवर ठरते, असे ती कंपनी स्वतःच सांगते : शोधणाऱ्याची गरज व दुकानाची माहिती यांचा मेळ, शोधणाऱ्यापासूनचे अंतर, आणि त्या दुकानाची एकंदर ख्याती. पैसे भरून यात वरचा क्रमांक मिळत नाही. जाहिराती असतात, पण त्या निराळ्या, आणि तशी खूण करूनच दाखवितात.

या तिहींपैकी अंतरावर आपला इलाज नाही. लोणावळ्याच्या बाजारात उभा राहून जो मनुष्य ‘खानावळ’ असे शोधील त्याला टाकव्याची खानावळ दिसणार नाही, आणि त्याबद्दल खंत करण्याचेही कारण नाही. पण कान्हे फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला ती दिसत नसेल, तर मात्र कोठेतरी आपलीच चूक आहे. बहुधा ती खुणेच्या जागेची असते. पत्ता लिहिताना आपण ‘मु. पो. टाकवे बुद्रुक, ता. मावळ, जि. पुणे’ असे लिहितो आणि निश्चिंत होतो. दुकान मारुतीच्या देवळामागे की कारखान्याच्या फाटकासमोर, हे त्या पत्त्यातून नकाशाला उमगत नाही. मग तो गावाच्या मध्यावर कोठेतरी खूण ठोकून मोकळा होतो. यास्तव दुकानदाराने दुकानाच्या दाराशी उभे राहून, उपग्रहाच्या चित्रात आपले छप्पर ओळखून, खूण स्वतःच्या बोटाने त्यावर आणून ठेवली पाहिजे. हे काम पाच मिनिटांचे आहे. ज्यांच्या दारास रस्त्याचे नाव नाही त्यांनी त्याच नकाशातील ‘प्लस कोड’ कळवावा. भारतीय टपाल खात्यानेही मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ नावाचा दहा अक्षरांचा सांकेतिक पत्ता आणला आहे. सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला त्यात स्वतंत्र संकेत आहे. वेलणकरांच्या कल्पनेचे हे पुढचे पाऊल म्हणावयास हरकत नाही.

नावाविषयी थोडे विस्ताराने बोलतो. पाटीवर ‘श्रीराम खानावळ’ आणि नकाशावर ‘श्रीराम खानावळ उत्तम शाकाहारी मांसाहारी स्वस्त थाळी कान्हे टाकवे कामशेत’ अशी नामावळी काही जण लिहितात. सल्ला देणारा कोणीतरी भेटलेला असतो. हे नियमबाह्य आहे. तक्रार झाल्यास नोंद स्थगित होऊ शकते आणि मग ऐन हंगामात ती परत मिळविताना नाकी नऊ येतात. पाटीवर जे नाव असेल तेच नकाशावर हवे. आपल्या राज्यात मराठी पाटीची सक्ती २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही लागू झाली आहे, तेव्हा पाटी देवनागरीत असणारच. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला देवनागरी नाव कसे सापडेल, ही शंका रास्त आहे. मराठीसह दहा भारतीय भाषांत नावांचे आपोआप लिप्यंतर करण्याची सोय या नकाशात २०२१ मध्ये आली, आणि मराठीत बोलून शोधण्याची सोय तर २०१७ पासूनच आहे. तथापि यंत्राचे लिप्यंतर डोळे मिटून स्वीकारू नये. ‘टाकवे’ हे एकच नाव रोमन लिपीत तीन प्रकारांनी लिहिलेले मी पाहिले आहे. गावातील सर्वांनी त्यांतील एक प्रकार ठरवून घ्यावा आणि ‘बुद्रुक’ कोणीही गाळू नये. आज सकाळचा माझा अनुभव ताजा आहे.

नावात जे कोंबायचे नाही ते सांगण्यासाठी ‘प्रवर्ग’ नावाची वेगळी जागा दिलेली असते. तेथे खानावळ की मिठाईचे दुकान, टायरदुरुस्ती की सुट्या भागांचे दुकान, हे नेमके निवडावे. मेळ बसतो तो येथे. ज्यांच्याकडे गिऱ्हाईक येत नाही, उलट जे स्वतः गिऱ्हाइकाकडे जातात, असे नळजोडारी, वायरमन किंवा मंडप घालणारे यांनी घराचा पत्ता झाकून आपण कोणकोणत्या गावांत सेवा देतो तेवढे नोंदवावे.

वेळेचे म्हणाल, तर गेल्या पावसाळ्यात मी कुटुंबासह एका खानावळीत गेलो. नकाशावर ती उघडी होती, प्रत्यक्षात दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, ‘आवणीला गेलेत, चार दिवस बंद.’ भातलावणीच्या दिवसांत मावळात हे व्हायचेच, आणि त्यात गैर काही नाही. परंतु सुट्टीचे दिवस आगाऊ नोंदविण्याची सोय असताना बाहेरगावच्या माणसाला फुकट हेलपाटा का घडवावा? माझ्या मुलीने तेथल्या तेथे त्या खानावळीला एक तारा देऊन टाकला. मी तो काढावयास लावला, पण प्रत्येक मुलीचा बाप माहिती खात्यात नसतो.

ताऱ्यांचा हा विषय सर्वांत नाजूक. ख्याती ठरते ती बरीचशी गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांवरून. म्हणून माझ्या पाहण्यातील एका उपाहारगृहाच्या मालकाने एकाच दिवशी मेहुणे, भाचे आणि त्यांचे मित्र अशा वीसेक जणांकडून स्तुती लिहवून घेतली. आठवड्याभरात ती सारी अदृश्य झाली, आणि तिच्याबरोबर दोन खऱ्या गिऱ्हाइकांचे अभिप्रायही गेले. पैसे किंवा सवलत देऊन अभिप्राय मिळविणे नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्यूरोनेही २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले आहे. जेवून तृप्त झालेल्या माणसाला ‘दोन ओळी लिहा’ असे सांगण्यास मात्र काहीच हरकत नाही. आपल्याकडे तेवढा संकोच वाटतो, हे खरे. कोणी वाईट लिहिले तर त्याच्याशी भांडू नये. झाले ते मान्य करून, काय सुधारले ते दोन वाक्यांत सांगावे. पुढे येणारा गिऱ्हाईक तक्रारीपेक्षा उत्तरच अधिक लक्षपूर्वक वाचतो, असे माझे निरीक्षण आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना करतो. ‘आम्ही कंपनीतून बोलतो, अमुक हजार भरा, तुमचे दुकान पहिल्या क्रमांकावर आणतो,’ असे दूरध्वनी येतात. तो क्रमांक विकत मिळत नाही, हे मघाशी सांगितलेच. सांकेतिक अंक कोणास सांगू नयेत आणि फसवणूक झाल्यास लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. दुसरा धोका घरचाच असतो. नोंद पुतण्याच्या मोबाईलवरून होते, पुतण्या नोकरीला दूर जातो, त्याचा परवलीचा शब्द कोणाला ठाऊक नसतो, आणि जुना दूरध्वनी क्रमांक वर्षानुवर्षे नकाशावर तसाच राहतो. नोंद मालकाच्या स्वतःच्या खात्यावर असावी. बचत गटाची असेल तर तिला एकापेक्षा अधिक व्यवस्थापक जोडावेत.

बचत गटांचा उल्लेख आलाच आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून बाहेर पडलेल्या इंद्रायणी तांदळाचे नाव आज पुण्या-मुंबईच्या घराघरांत आहे. तो पिकविणारा शेतकरी मात्र व्यापाऱ्याच्या दारात उभा असतो आणि शहरातला गिऱ्हाईक दुकानदाराच्या. गटाने घरातील एक खोली ठराविक वेळी विक्रीसाठी उघडी ठेवली, दारावर पाटी लावली आणि नकाशावर तिची नोंद केली, तर रविवारी धरणाकडे जाणारी गाडी परतताना पाच किलोची पिशवी घेऊन जाईल. नोंदीची पडताळणी पुष्कळदा चलच्चित्राने होते. पाटी, समोरचा रस्ता आणि आतील माल एका दमात दाखवावे लागतात. म्हणून पाटी आधी, नोंद मागाहून.

छायाचित्रांविषयी मात्र माझे मत कडक आहे. गिऱ्हाईक ओढण्यासाठी काही जण आपल्या नोंदीवर दुकानाऐवजी ओसंडणारे धबधबे आणि पाण्यात उतरलेली मुले दाखवितात. १५ जून २०२५ च्या रविवारी याच तालुक्यात, कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जीव गेले. त्या पुलावर गर्दी होती ती बाहेरून आलेल्या पर्यटकांची. जेथे उतरणे धोक्याचे आहे तेथे माणसांना बोलावून आणणारे चित्र आपल्या खानावळीच्या नावाखाली असता कामा नये. थाळीचे चित्र लावा, वाहन उभे करण्याच्या जागेचे लावा, स्वच्छ शौचालयाचे लावा. कुटुंबासह येणारा प्रवासी हेच पाहतो.

आपल्या गावाची माहिती एका परदेशी खाजगी कंपनीच्या वहीत लिहिण्याची ही सारी धडपड कशाला, असे कोणी म्हणेल. प्रश्न अनाठायी नाही. म्हणूनच ‘मॅपल्स’ हा भारतीय नकाशा आणि ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा स्वयंसेवकांनी चालविलेला मुक्त नकाशा यांवरही हीच माहिती भरावी. एकदा नीट लिहून काढली की तीन ठिकाणी भरणे जड नाही. परंतु गिऱ्हाईक आज ज्या वहीत पाहतो ती कोरी ठेवून आपलेच नुकसान होते.

ग्रामपंचायतीने यात काय करावे? दुकानांची नोंद दुकानदार करील. पण गावाच्या नावाची खूण, आरोग्य केंद्र, शाळा, पशुवैद्यकीय दवाखाना, बंद पडलेला रस्ता आणि नवा पूल यांच्या खुणा बरोबर आहेत की नाहीत हे कोणी पाहावे? रात्री अपरात्री रुग्णवाहिकेचा चालकही तोच नकाशा उघडतो. चुकीची खूण सुधारण्याची सूचना कोणीही नागरिक पाठवू शकतो, आणि गावातील जाणत्या माणसांनी वेगवेगळी पण एकसारखी माहिती पाठविली तर ती मान्य होण्याचा संभव वाढतो. शिक्षकांना माझी विनंती आहे की, भूगोलाच्या एका तासाला नववीच्या मुलांना नकाशा घेऊन गावातून फिरवावे आणि कोणती खूण कोठे चुकली आहे याची यादी करून घ्यावी. मुले ती आपल्यापेक्षा लवकर करतील.

सरपंच महोदयांनी भाषणापूर्वी मला सांगितले की, पुढील शनिवारी सकाळी दहा वाजता ग्रामपंचायत कार्यालयात यासाठी दोन टेबले मांडली जातील. येताना दुकानाच्या पाटीचे छायाचित्र, स्वतःचा मोबाईल आणि दुकानाच्या वेळा लिहिलेला कागद आणावा. मीही येईन. या वेळी चालकाला पूर्ण नाव लिहावयास सांगितले आहे.