संगणकाचा पहारेकरी

देवास गेट भागातल्या आपल्या घरांतून आम्ही एकच तक्रार ऐकतो, 'अँटीव्हायरस टाकला आणि कॉम्प्युटर मंदावला.' तक्रार खोटी नाही. आपण फाइल उघडली की हा पहारेकरी आधी ती तपासतो. जुनी हार्ड डिस्क, कमी रॅम असेल तर तो वेळ जाणवतो.

पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी १९९०च्या दशकात 'क्विक हील' उभं केलं, तेव्हा व्हायरस फ्लॉपीतून येत. आता ते ई-मेलमधून, पेन ड्राइव्हमधून येतात, आणि त्याच कॉम्प्युटरवर आपलं बँकेचं काम, नातवंडांचे फोटो असतात. म्हणून वेगासाठी पहारा उठवू नका.

दारात दोन पहारेकरी मात्र नकोत. ते एकमेकांनाच अडवतात. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर मुळातच असतो. दुसरा हवा तर एकच ठेवा, मुदत संपलेला काढून टाका. पूर्ण स्कॅन दुपारी, जेवणाच्या वेळी लावा. जमल्यास एसएसडी बसवा. फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!