वाघ दिसला काय?

रानांतून परतलेल्या मनुष्यास लोक पहिला प्रश्न विचारतात तो हाच. 'नाहीं' म्हटलें, कीं ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. जणूं सारा प्रवास फुकट गेला! गेल्या वैशाखांत मी ताडोबास गेलों, तेव्हां हीच हांव माझ्याही मनांत होती.

चंद्रपूर जिल्ह्यांतील हें अरण्य १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. आजच्या महाराष्ट्रांतील अशा उद्यानांत हें सर्वांत जुनें. शेजारच्या अंधारी अभयारण्यासह १९९५ पासून तें व्याघ्रप्रकल्प म्हणून राखलें जातें. नांव मात्र फार जुनें आहे. गोंड लोक ज्याला देव मानतात, त्या तारूवरून तें पडलें. तळ्याच्या कांठीं मोठ्या वृक्षाखालीं त्याचें ठाणें आहे.

मोहर्लीच्या फाटकांतून आम्ही पहांटे आंत शिरलों. बरोबर जवळच्या गांवचा एक तरुण वाटाड्या होता. दोहों बाजूंस बांबूची दाटी, मधून मधून साग आणि ऐन. एका पाणवठ्याजवळ त्यानें गाडी थांबविली आणि हळूच म्हटलें, "आतां बोलूं नका, नुसतें ऐका."

स्वर्गीय नर्तक आपली पांढरी फीत मिरवीत पाण्यावर झेपावला आणि क्षणांत दिसेनासा झाला. झाडावर वानरें पाला खात होतीं. खालीं पडेल तो चितळें वेंचीत होतीं. ही मैत्री केवळ पोटाची नव्हे. वानराला उंचावरून दूरचें दिसतें, चितळाला वाऱ्यावरचा वास कळतो. एकाच्या सावधतेवर दुसऱ्याचा जीव तरतो.

इतक्यांत वानर खांकरलें. चितळांच्या शेपट्या ताठ झाल्या. एकानें तीव्र शीळ घातली. बांबूंत कांहींतरी होतें! मी श्वास रोधून बसलों. पांच मिनिटें गेलीं, दहा गेलीं, बांबू हालेना. वाटाड्यानें पाण्याकडे पाहिलें, आमच्या गाडीकडे पाहिलें, आणि म्हणाला, "साहेब, आपण त्याच्या वाटेंत आहों. मागें जाऊं."

"पण मग तो दिसणार कसा?" मीं विचारलें.

"त्याला तहान लागली असेल," तो म्हणाला.

गाडी वळणामागें गेली. वाघ पाण्यावर आला कीं नाहीं, तें आम्हांस अखेरपर्यंत कळलें नाहीं.

परततांना मोठ्या तळ्यावर मत्स्यगरुड दिसला, उन्हांत पडलेली मगर दिसली. फाटकाशीं मात्र तो तरुण खालीं मान घालून म्हणाला, "वाघ दाखवितां आला नाहीं, साहेब." अपराध केल्यासारखा त्याचा तो स्वर ऐकून मला माझीच लाज वाटली. वाघ न दिसल्याचा दोष त्याच्या माथीं मारणारे पाहुणे त्याला नेहमींच भेटत असावेत. आणि त्या सकाळीं त्यांतला एक होण्यास मला फारसें कांहीं उरलें नव्हतें.

श्रोतेहो, आपणही त्या रानांत अवश्य जा. पण तेथें आपण पाहुणे आहों, आणि तहानलेल्या यजमानास पाणी पिऊं देणें हा पाहुण्याचा पहिला धर्म आहे. आतां मला कोणी तो प्रश्न विचारला, तर मी म्हणतों, "नाहीं दिसला, त्याला वाट दिली."