पेटी, दूरध्वनी आणि वाचनालय
(शताब्दी महोत्सवातील भाषण)



वाचनालयाच्या शताब्दीत मराठीच्या अध्यापकाने भ्रमणध्वनीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु हा विषय आपल्या बडोद्याला परका नाही. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना पाचारण केले आणि पुढे पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्यालाही ते वाचता यावे, हा त्यामागील हेतू.

बांगलादेशात १९९७ साली याच विचाराचे निराळे रूप दिसले. ग्रामीण बँकेचे कर्ज काढून खेड्यांतील स्त्रियांनी भ्रमणध्वनी घेतले आणि गावकऱ्यांना पैसे घेऊन बोलू दिले. यंत्र एक, पण शहरातला बाजारभाव, परदेशी गेलेल्या मुलाची खुशाली साऱ्या गावाला कळू लागली. त्या स्त्रीच्या संसारालाही हातभार लागला. पुढे यंत्रे स्वस्त झाली, घरोघरी आली आणि हा व्यवसाय ओसरला.

त्याच सुमारास उत्तर केरळच्या किनाऱ्यावर ही सेवा पोहोचली. तोवर एका गावी मासळी फेकून द्यावी लागे आणि जवळच्याच दुसऱ्या गावी गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परते. समुद्रातूनच भाव विचारता येऊ लागल्यावर ही नासाडी थांबली. कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त झाली, असे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली दाखवून दिले.

मात्र भाव ऐकायला अक्षरओळख लागत नव्हती. आज पैशाचा व्यवहार पडद्यावरील अक्षरांतून चालतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बँकेचा इंग्रजी संदेश माझ्यापुढे धरतात आणि विचारतात, "सर, पैसे आले की गेले?" यंत्र त्यांच्या मालकीचे आहे, त्यातले ज्ञान मात्र त्यांचे नाही. उद्या मी घरी नसलो, तर त्या कोणाला विचारतील? आणि तो माणूस भला असेलच, याची हमी कोणी द्यावी?

म्हणून माझी नम्र सूचना आहे. रोज सायंकाळी तासभर आपल्या वाचनकक्षातील एक मेज अशांसाठी राखावे. सभासदांनी पाळीपाळीने तेथे बसावे, संदेश वाचून दाखवावा, अर्थ समजावून सांगावा. गुप्त आकडा मात्र कोणाचाही विचारू नये. शंभर वर्षांपूर्वी पेटी खेड्याकडे गेली. आता दारापर्यंत आलेल्या माणसाला आपण आत बोलावू या.