टोळ्यांचं पाणी तोडणारा कायदा

आता वकिलीची सनद घ्यायला निघालेल्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

मुंबईतल्या टोळ्या कुणी मोडल्या, असं विचारलं की बहुतेक जण पोलीस चकमकींचं नाव घेतात. माझं उत्तर वेगळं आहे आणि ते सोन्यापासून सुरू होतं.

स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीवर बंधनं आली. १९६८च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं तर साध्या माणसाला सोन्याची लगड वा बिस्कीट घरात ठेवायलाही मनाई केली. पण लेकीच्या अंगावर चार तोळे घालायची रीत कायद्यानं थोडीच थांबते? दुबईहून लाँचींतून बिस्किटं येत राहिली आणि हाजी मस्तानसारखे तस्कर गब्बर झाले. दारूबंदीनं त्याआधीच हातभट्टीवाले पोसले होते. १९९०मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. १९९२मध्ये परदेशातून येणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं आणायची मुभा मिळाली. तस्करीच्या त्या धंद्याचा कणा एकही गोळी न झाडता मोडला.

टोळ्या मात्र संपल्या नाहीत, त्या खंडणीकडे वळल्या. माणसांची त्यांना वाण नव्हती. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावात चुली विझल्या, तिथली काही पोरं त्यांना आयतीच मिळाली होती. त्या पोरांसाठी सरकारनं वेळेत काही केलं नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. तो दोष पोलिसांच्या माथी मारून चालणार नाही.

१९९९मध्ये महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजेच मोक्का, आला. कडक कायदा आहे. पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब त्यात पुरावा ठरतो. म्हणूनच त्यात अटीही आहेत. उपमहानिरीक्षकाच्या पूर्वपरवानगीशिवाय गुन्हा नोंदवता येत नाही. बचावाच्या बाजूनं उभे राहाल तेव्हा ती परवानगी ओळ न ओळ वाचा. सरकारी वकील झालात तर त्याहून बारकाईनं वाचा.

आता चकमकींकडे येतो. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मेली. त्यावरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं २०१४मध्ये चकमकींच्या तपासासाठी सोळा सूचना दिल्या. मेलेल्या माणसाची उलटतपासणी होत नाही. त्याला पैसा कोण पुरवत होतं, हेही त्याच्यासोबतच जातं.

खटला उभा राहतो तो साक्षीदारावर. घरी फोन येतो, पोरांच्या शाळेची वेळ सांगितली जाते आणि माणूस कोर्टात साक्ष फिरवतो. त्याला मी दोष देत नाही. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, पोलिसांकडून धोक्याचा अहवाल येतो, मग संरक्षण ठरतं. पण घाबरलेल्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं.

असा पहिला साक्षीदार तुमच्या दारात येईल तेव्हा कदाचित त्याच्याकडे फी नसेल. त्याला बसवा, पाणी द्या आणि त्याचा अर्ज त्याच दिवशी दाखल करा.