डांबरी रस्त्यांची निगा

महाराष्ट्रातील डांबरी रस्त्यांची निगा एका हाती नाही. राज्यमार्ग आणि बहुतेक प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदांकडे. ही वर्गवारी १९४३ साली नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेतून आली.

डांबरी रस्त्याचा खरा शत्रू पाणी. उन्हाने डांबर कडक होते आणि बारीक भेगा पडतात. पावसाचे पाणी त्या भेगांतून खालच्या खडीत नि मुरुमात शिरते. वरून जड ट्रक गेला की दाबाखालचे हे पाणी खडीवरचे डांबर सोडवते. सुटी खडी चाकांबरोबर उडते आणि बघता बघता खड्डा पडतो. काळ्या मातीच्या पट्ट्यात जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते; तिथे रस्त्याच्या कडा आधी फाटतात. वजनाचे गणित तर चक्रावून टाकणारे आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांतून असे दिसले, की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज साधारण सोळापट होते.

म्हणून देखभाल सुरू होते ती डांबरापासून नव्हे, गटारापासून. गटारे उपसणे, मोऱ्या मोकळ्या करणे, साईडपट्टीवर मुरूम टाकून उतार राखणे, झुडपे तोडणे ही कामे पूर्वी मैलकुली करत. ठरावीक लांबीचा रस्ता त्यांच्या ताब्यात असे आणि पाणी कुठे तुंबते हे त्यांना पाठ असे. आता ही कामे बरीचशी कंत्राटदारांकडे गेली आहेत.

दुसरा भाग नूतनीकरणाचा. वाहतूक आणि पाऊसमान पाहून काही वर्षांनी रस्त्यावर सीलकोट किंवा कार्पेटचा नवा थर द्यावा लागतो. तो रस्ता धड दिसत असतानाच द्यायचा असतो, आणि घोडे पेंड खाते ते इथेच. धड रस्त्यावर खर्च कशाला, हा प्रश्न हमखास येतो. सीलकोटचे भूमिपूजनही कोणी करत नाही.

मग उरतात खड्डे. खड्डा नीट बुजवायचा तर कडा चौकोनी, उभ्या कापायच्या, आतली धूळ आणि ओल काढायची, पातळ डांबर फवारायचे, मिश्रण भरायचे आणि रोलर फिरवायचा. भर पावसात फावड्याने टाकून फावड्याच्याच पाठीने थोपटलेली खडी पुढच्या सरीत वाहून जाते. त्यामुळे पक्की डागडुजी पाऊस ओसरल्यावरच होते. २०१७ मध्ये तत्कालीन बांधकाममंत्री चंद्रकांत पाटील यांनी खड्डेमुक्तीसाठी १५ डिसेंबरची मुदत जाहीर केली होती, तीही याच हंगामातली. अशा मोहिमांनी खड्डे बुजतात. खालची ओल तशीच राहते.

नव्या कामांत दोषदायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत निघालेले दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या करारात तर पाच वर्षांची देखभाल धरलेलीच असते. ती संपल्यावर रस्त्याचा भार पुन्हा स्थानिक यंत्रणेवर येतो, आणि पहिल्या नूतनीकरणाची वेळही साधारण तेव्हाच आलेली असते.