सोसायटी कोणाची?

सहकार कायद्यानुसार गृहनिर्माण संस्थेत अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेची असते. कार्यकारी समिती केवळ विश्वस्त होय. मात्र सभेचे बहुमतही निरंकुश नाही. सदनिका भाड्याने दिल्यास बिनभोगवटा शुल्क महापालिका कर वगळता सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. २००१ चा हा शासन आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये उचलून धरला. दुसरीकडे, देखभाल खर्च थकविणाऱ्याविरुद्ध संस्थेस निबंधकाकडून वसुली दाखला मिळविता येतो. हक्क व कर्तव्य अशी एकमेकांत गुंफलेली आहेत. वार्षिक सभेकडे पाठ फिरवून वर्षभर जिन्यात कुरकुर करणारा सभासद आपली सत्ता स्वहस्ते चौघांच्या स्वाधीन करतो. राष्ट्रकार्याचा आरंभ स्वतःच्या इमारतीतील सतरंजीवर बसण्यापासून व्हावा.