गोदीतील यंत्र आणि श्रमिकाचा वाटा

(सदाशिव पेठेतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



समुद्रापासून दूर असलेल्या सदाशिव पेठेत बंदराची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु पुण्याच्या हमाल पंचायतीने जो प्रश्न मांडला, तोच गोदीचाही आहे. ज्याचा मालक रोज बदलतो, त्या श्रमिकाच्या हक्कांची जबाबदारी कोणी घ्यावयाची? १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने याला उत्तर दिले : कामगारांची नोंदणी करावी, मंडळ नेमावे आणि मालकांकडून घेतलेल्या आकारणीतून त्यांच्या वेतनाची व कल्याणाची तरतूद करावी. १९६९ चा माथाडी कायदा त्याच धर्तीचा आहे.

१९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांनी ५८ पेट्या एका जहाजावर चढविल्या आणि गोदीचे अर्थशास्त्रच पालटले. अनेक टोळ्यांनी कित्येक दिवस उपसावयाचा माल यारी काही तासांत उतरवू लागली. १९९३ साली रॉटरडॅममध्ये चालकाविना धावणारी वाहने आली.

आपल्याकडे हे परिवर्तन न्हावा-शेवा येथे आले. त्यासाठी जमिनी घेताना योग्य मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार झाला. पाच जण हुतात्मे झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. १९८९ साली बंदर सुरू झाले, १९९९ मध्ये तेथे खाजगी टर्मिनल आले आणि २०२२ साली बंदराने स्वतः चालविलेले टर्मिनलही खाजगी कंपन्यांकडे गेले. मुंबईच्या गोदीतील पेट्यांचा व्यापार खाडीपलीकडे गेला. नोंदणी व मंडळ यांचे संरक्षण मात्र त्याच्याबरोबर गेले नाही.

म्हणून यंत्र फोडा, असे समाजवादी म्हणत नाही. पाठ मोडणारे ओझे यंत्राने उचलले, तर ते स्वागतार्हच आहे. प्रश्न वाचलेल्या श्रमाच्या मालकीचा आहे. हॅरी ब्रिजेस यांच्या संघटनेने १९६० मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर करार करून यंत्रांना वाट दिली. मोबदल्यात मालकांकडून निधी आणि नोंदणीकृत कामगारांसाठी नोकरीची हमी मिळविली. त्या करारातही उणीव होती : दुय्यम श्रेणीचे कामगार हमीबाहेर राहिले. आपल्या कंत्राटी कामगारांच्या बाबतीत ती चूक पुन्हा होता कामा नये.

आज पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराचा प्रश्न उभा आहे. सुमारे ७६ हजार कोटींच्या या प्रकल्पाची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. मच्छीमारांचा विरोध उपजीविकेच्या भयातून आहे आणि त्यांना रोजगाराची आश्वासने दिली जात आहेत. परंतु स्वयंचलित बंदर किती हातांना काम देणार, याचा हिशेब आधी मागितला पाहिजे. प्रत्येक पेटीमागे उपकर घ्यावा, तो कामगार व विस्थापित यांच्या मंडळाकडे जावा आणि कंत्राटी कामगारासही नोंदणीचा हक्क असावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी आजच लावून धरावी. करार झाल्यावर मागितलेला वाटा भिक्षा ठरतो. आधी मागितलेला हक्क.